मीनाताईंना घाई नव्हती

बातमी आली तेव्हा मी मीनाताईंवर चिडलेलीच होते. दुपारपासून फोन उचलत नव्हत्या. समोर मूल असलं की यांचा फोन आतल्या खोलीत पडलेला असायचा. मानेसरच्या ऑफिसातून परतताना कॅबमध्ये मी मनातल्या मनात भांडणच जुळवत होते... तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. दुपारी जरा पडल्या, त्या उठल्याच नाहीत. क्लासची मुलं दारात ताटकळली, तेव्हा कळलं.

मीनाताई माझ्या मोठ्या नणंद. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायच्या आणि घरीच मुलांना शिकवायच्या. अभ्यास नव्हे. काम सुरू कसं करायचं, पुरं कसं करायचं, राग आला तर त्याचं काय करायचं, हे. तासभर मुलं नुसती भेळ करायची. जिन्यात बसलेल्या आया वैतागायच्या, "मॅडम, आप सिखा क्या रही हैं?" ताई हसून आत जायच्या.

आमची इरा तिसरीत होती. सगळं विसरायची आणि जरा बिनसलं की जमिनीवर लोळण घ्यायची. एका सकाळी मी घाईघाईने तिची बॅग भरत होते, तर ताईंनी माझा हातच धरला.

"अगं, तिला भरू दे."

"ताई, बस येईल!"

"येऊ दे."

इरा मोजे शोधत राहिली. बस आली, हॉर्न वाजवून गेलीसुद्धा. इराने आकांत मांडला आणि आत्याच्या अंगावर बूट भिरकावला. ताई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. "राग आलाय ना? येणारच. बूट फेकायचा नाही मात्र. शांत झालीस की सांग, मग काय करायचं ते ठरवू." इकडे माझी ऑफिसची वेळ टळत होती. बऱ्याच वेळाने इरा मुसमुसत म्हणाली, "ई-रिक्षा?" मग दोघी गेल्या. उशीर का झाला, तेही ताईंनी शाळेतल्या बाईंना तिलाच सांगायला लावलं.

संध्याकाळी मी म्हटलं, "बॅग मी भरली असती तर बस मिळाली असती."

"हो, आजची मिळाली असती," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. भांडायला उभ्या राहिलेल्या माणसाला असं सोडून जायचं असतं का? पुढची दोन वर्षं इराची बॅग अर्धवटच असायची.

त्या गेल्या त्या दिवशी घर माणसांनी भरलं. नात्यातल्या एक मामी इराला ओढून कुशीत घेत होत्या, "रड गं, मोकळी हो." तेरा वर्षांची इरा हळूच सुटली. "मामी, आत्ता मला कुणी धरू नका, प्लीज. मी खाली आत्याच्या खोलीत बसते. मग येते." "पोरगी उद्धट झालीये," कुणीतरी पुटपुटलं. मी तणतणत खाली गेले. मुलांच्या बुटक्या खुर्च्या गोल मांडलेल्या तशाच होत्या. त्यातल्या एकीवर गुडघे मुडपून बसलेली इरा मोठ्याने रडत होती. मी दारातच थांबले... कशी कोण जाणे. तिचं रडू ओसरलं, तोंड धुऊन आली आणि माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "आई, तू ऑफिसातून आल्यापासून काही खाल्लंस का?"

मला ताईंचा असा राग आला! एवढं बघायला तरी थांबायचं होतं.