धुरा

धुरा पळत नसे. नव्वद मिनिटांचा सामना संपला की बाकीच्या मुली धापा टाकत गवतावर आडव्या व्हायच्या आणि ही मात्र उभ्या उभ्या मोज्यांवरची माती झटकत असायची. तू पळत का नाहीस, असं मी पहिल्याच आठवड्यात तिला जरा करड्या आवाजात विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "पानी पळते बाई. धुरा काई पळत नाई."

नातवंडांनो, तुम्ही तिकडून फोनवर मला कोणी किती गोल केले ते सांगता. मी आज जिच्याबद्दल लिहिते आहे, तिने तीन वर्षांत माझ्यासमोर एकही गोल केला नाही. तरीही मी पाहिलेली सर्वांत चांगली फुटबॉल खेळाडू तीच.

तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका जावी लागे आणि ते काम माझ्याकडे आलं होतं. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. हजेरी घेणं, प्रवासाचे कागद सांभाळणं आणि कोणी उन्हात उपाशी खेळत नाही ना हे पाहणं, एवढं मी नीट करत असे. मुली तिला धुरा म्हणत. मी पुस्तकी मराठीत वाढलेली. मला वाटलं, संघाची धुरा वाहते म्हणून हे नाव पडलं असावं. मी तसं वर्गात कौतुकाने म्हणालेही, आणि सगळा वर्ग हसला. या भागात भाताच्या शेताला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधला मातीचा बांध म्हणजे धुरा. त्याच्याकडे कोणी बघत नाही. फुटला तरच बघतात.

तिच्या घरची शेती वैनगंगेच्या काठी होती. पावसाळ्यात फावडं घेऊन धुऱ्यांवरून फिरणं हे लहानपणापासून तिचं काम. ती खेळायलाही तिथेच शिकली होती, असं मला पुढे वाटू लागलं. "फुटल्यावर धावून काई होत नाई बाई," ती सांगे. "कुठी फुटणार हाये ते पाहाचं, अन् तिथी आधी जाऊन उभं राहाचं." सगळ्या मुली मला मॅडम म्हणत. ती एकटी बाई म्हणे.

चेंडू येण्याआधी ती एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाही, मग उजव्या. मला आधी वाटे की ही घाबरते. चेंडू पायाशी आला की एका स्पर्शात जवळच्या मुलीला देऊन मोकळी. थोडा वेळ तरी जवळ ठेव, लोकांना दिसू दे, असं मी सुचवलं, तर म्हणे आपल्यापाशी ठेवून काय करायचा, पुढच्या बांधीत सोडायचा. पुढे खेळणारी चंदा गोल करायची, टाळ्या घ्यायची आणि परत येताना हिला टोमणा मारायची, "काय वो धुरा, झोप झाली काय?" त्या भागात मुलीही 'जातो, येतो' असंच बोलतात, तसं हिचं ठरलेलं उत्तर, "तू गोल चुकवून ये, मंग उठतो."

तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. त्या अभ्यासक्रमाला जागा थोड्या आणि विद्यापीठाच्या संघात नाव असेल तर प्रवेशाची आशा. दोन वर्षं निवडीत तिचं नाव आलं नव्हतं. तिसरं वर्ष शेवटचं होतं.

निवडीचे सामने त्या वर्षी वरोऱ्याला होते. आमचे प्रशिक्षक तापाने घरी झोपलेले, त्यामुळे संघ माझ्या हाती. अर्धा सामना झाला, दोन्हीकडे गोल नाही. निवड करणारे सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, ती सहा नंबरची नुसती उभी आहे. दुसरी कोणी असेल तर खेळवून बघा." मी शिस्तीची बाई. जाणत्या माणसाने सांगितलं आणि मी ऐकलं. धुराला बाहेर घेतलं आणि भरपूर पळणारी एक मुलगी आत पाठवली.

धुराने मोज्यांवरची माती झटकली. माझ्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने मैदानाच्या मधोमध बोट दाखवून हळूच म्हणाली, "बाई, तिथी कोणी नाई." मी बघेपर्यंत समोरच्या संघातली मुलगी चेंडू घेऊन त्याच जागेतून निघाली होती. गोल झाला. नवी मुलगी बिचारी चेंडूच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. धुराने दुसऱ्यांदा बोट दाखवलं, तेव्हा मी चेंडूकडे न बघता तिच्या बोटाकडे बघितलं. ती जागा अजून रिकामी होती आणि चेंडू यायचा होता. तो आला. दुसरा गोल झाला.

निवडीचा सामना असल्यामुळे बाहेर गेलेल्या मुलीला पुन्हा आत घेता येत होतं. मी तिला आत पाठवलं आणि तडक त्या सरांकडे गेले. दहा मिनिटं फक्त सहा नंबरकडे बघा, असं मी त्यांना म्हणाले. ते हसले. चेंडू सोडून सामना कसा बघायचा, असं त्यांचं म्हणणं.

"चेंडू मी बघते," मी म्हणाले. "तुम्ही तिला बघा."

माझ्या वयाचा मान राखून असेल, पण त्यांनी बघितलं. समोरच्या मुलीने मधून चेंडू दिला, तिथे धुरा होती. पुन्हा दिला, धुरा होती. तिसऱ्या वेळी ती मुलगी चेंडूवर पाय ठेवून नुसती उभी राहिली, कारण द्यायला जागाच उरली नव्हती. सर हातातल्या कागदावर काही लिहायला लागले. मी वाकून पाहिलं नाही, पण जागची हललेही नाही.

सामना आम्ही हरलो. संध्याकाळी यादी लागली. चंदाचं नाव वर होतं. धुराचं शेवटी, राखीव खेळाडूंत. त्याच राखीव नावावर पुढे तिला प्रवेश मिळाला आणि आज ती मार्कंड्याजवळच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. पण त्या संध्याकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

परतीच्या एस.टी.त ती माझ्या शेजारी बसली होती. चिमूर मागे पडेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. शेवटी सरळच म्हणाले की, मी तुला बाहेर काढायला नको होतं, माझं चुकलं. नाहीतर तुझं नाव वर असतं.

ती खिडकीबाहेर पाहत होती. माझ्याकडे वळून, जणू मीच तिची विद्यार्थिनी आहे अशा धीराने म्हणाली, "नाई बाई. दोन वर्षं मी आतच होतो ना, कोणाले दिसलो काय? तुमी काढलं, म्हनून तं दिसलो."