दोन बोटांत थांबणारा माग

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. तीन माणसं एका खोलीत बसवा, एकाच कामाला कॉम्प्युटरच्या दोन भाषा लावा, आपोआप साठतात!

आमची खोली शहापुरात, अण्णांच्या यंत्रमागांच्या वरच्या मजल्यावर. मागावर कॅमेरा लावायचा, धागा तुटलेला दिसला की माग आपोआप थांबवायचा, हे आमचं काम. फोटो घेणारा प्रोग्राम पिरनवाडीच्या प्रकाशनं सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. फोटोत तुटका धागा ओळखणारा प्रोग्राम निपाणीच्या सुजातानं पायथनमध्ये लिहिलेला. फोटो एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणं माझ्याकडे.

अण्णांची अट सोपी होती. "धागा तुटल्यावर दोन बोटं कापड विणायच्या आत माग थांबला पायजे. न्हाय तर गुंडाळा." आणि आम्ही गुंडाळलं की सुजाताचे वडील, आप्पा, तिला पुण्याच्या कंपनीत धाडणार होते. तिला बिलकूल जायचं नव्हतं.

*

सुरुवातीला प्रकाशचा प्रोग्राम फोटोची फाईल डिस्कवर ठेवायचा, सुजाताचा ती उघडून वाचायचा. धागा तुटला, माग थांबला, अण्णांनी कापडावर हात पसरला. वीतभर!

मग मी हुशारी केली. फोटोतला एकेक ठिपका आकड्यांत लिहून पाठवला. आकडे दोन्ही भाषांना वाचता येतात, नाही का? आता एकानं सगळं लिहून काढायचं आणि दुसऱ्यानं सगळं वाचून पुन्हा फोटो बनवायचा. अण्णांनी परत मोजलं. हातभर.

"ही सुधारणा व्हय?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

*

खाली एका मागावर सकाळी बसाप्पा असतो, दुपारनंतर गणपत. बसाप्पा कन्नडच बोलतो, गणपतला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी साडीत कुठं जोड दिसत नाही. मला नवल वाटायचं. पाळी बदलताना हे एकमेकांना सांगतात तरी कसं, असं मी अण्णांना विचारलं.

"सांगायचं काय त्यात? कापड मागावरच असतंय. एक उठतोय, दुसरा बसतोय. कापड उचलून दुसऱ्याच्या घरी कोण नेतंय रं?"

मी जिना पळतच चढलो. आम्ही फोटो पाठवणंच बंद केलं. मेमरीतली एक जागा दोघांत सामाईक ठेवली. प्रकाशचा प्रोग्राम तिथं फोटो ठेवतो, "आलाय" एवढंच कळवतो, सुजाताचा तिथंच जाऊन बघतो. कॉपी नाही, भाषांतर नाही. अण्णांची दीडच बोटं भरली. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

*

दुसऱ्या दिवसापासून माग चांगल्या कापडावरही थांबायला लागला. कारण सापडायला तीन दिवस गेले. सुजाताचा प्रोग्राम दोषाभोवती लाल चौकोन काढायचा, तोही त्याच सामाईक फोटोवर. प्रकाशचा प्रोग्राम वेळ वाचवायला फोटोचा फक्त बदललेला भाग नव्यानं भरायचा. चौकोन तसाच राहायचा, आणि सुजाताचाच प्रोग्राम त्या लाल रेघेला तुटका धागा समजायचा.

"अगं, बघून झालं की जागा होती तशी परत द्यायची की," प्रकाश वैतागला.

"शेजारच्यांचं भांडं रिकामं परत द्यायचं न्हाय, असं आईनं शिकवलंय," सुजाता म्हणाली.

तेव्हापासून नियम झाला. प्रकाशच्या जागेत तिनं फक्त बघायचं, लिहायचं ते आपल्या जागेत.

*

चाचणीच्या दिवशी आप्पा निपाणीहून आले. अण्णांनी स्वतः कात्रीनं तीनदा धागा तोडला. तिन्ही वेळा दीड बोटात माग थांबला.

"मशीन ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं.

आप्पाही खूश झाले. "काम झालं म्हणायचं तुमचं. मग आता हिला पुण्याला धाडायला मी मोकळा."

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सुजाता मान खाली घालून उभी राहिली. मला तर तिच्याकडे बघवेना. गणपतनं माग परत सुरू केला आणि तो बाजूला झाला.

दोन मिनिटांत माग खाडकन थांबला. अण्णांनी वाकून कापड बराच वेळ निरखलं.

"आप्पा, अजून लई काम हाय हितं," ते म्हणाले. "पोरगी लागंल. दोन वर्षं तरी."

आप्पांनी मान डोलावली आणि चहाला बाहेर पडले. काय बिघडलं म्हणून मी स्क्रीन बघितली. मशीननं थांबायचा हुकूम दिलेलाच नव्हता. मी वळलो, तर अण्णा माग हातानं थांबवायच्या हँडलवरचा हात काढून टॉवेलला पुसत होते.