फिटरकाकांची सुई

फिटरकाकांचा कशावरच विश्वास नसे. रेशनचे तांदूळ, डॉक्टरची गोळी, संपाच्या सभेत वाटलेलं पत्रक, सगळं ते आधी भिंगाखाली धरायचे. "बगल्याशिवाय माझो इश्वास नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली शेजारीच. ते गिरणीत फिटर होते, मी नाक्यावरच्या दवाखान्यात नर्स.

गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते. काकींना जुलाब-उलट्यांनी गाठलं. शीर सापडेना, म्हणून डॉक्टरांनी मांडीत, कातडीखाली सलाइन सोडायला सांगितलं. सुई मीच टोचली. काकी वाचल्या, पण मांडी काळीनिळी झाली, आठ दिवस त्यांना पाय टेकवेना. काकांनी ती सुई माझ्याकडून मागून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "टोकाक एकच भोक. पाणी सगळा एकाच जाग्यार मारता. आतला मांस फाटतला नाय तर काय?"

मग ते रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडू लागले. कुठे, म्हणून विचारलं तर "काम हा," एवढंच. संप मोडून मागच्या दाराने गिरणीत शिरणारे तेव्हा काहीजण निघाले होते. चाळीत कुजबुज सुरू झाली. मलाही वाटलं, हात ग्रीसने माखलेले असतात, दुसरीकडे कुठे जात असणार? नळावर भांडी घासताना मी ते बोलून गेले.

दुसऱ्याच दिवशी जिन्यात चौघांनी काकांना अडवलं, पिशवी पायऱ्यांवर ओतली. आतून कापसात गुंडाळलेल्या सुया पडल्या. माझगावच्या एका मित्राच्या कारखान्यात काका त्या घडवत होते. टोक बंद आणि निमुळतं, बाजूंना बारीक भोकं, म्हणजे पाणी सगळीकडून हळू पसरावं.

"आधी का नाही सांगितलंत?" एकाने विचारलं.

"जमला नव्हता अजून," म्हणत काका वाकलेल्या सुया वेचू लागले. मी वरून पाहत होते. खाली गेले नाही.

धड राहिलेली एक सुई घेऊन ते दवाखान्यात आले. डॉक्टरांनी ती लांबूनच पाहिली. "पेशंटला काही झालं तर जबाबदार कोण?"

"माझ्यारच करून बगा. पण टोचूची हिनाच." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

सुया उकळून मी त्यांच्या डाव्या मांडीत जुनी टोचली, उजवीत नवी, आणि दोन्हींतून सारखंच सलाइन सोडलं. दुसऱ्या दिवशी डावी निळी पडली होती. उजवीवर टोचल्याची तेवढी खूण. डॉक्टरांनी दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अशा आणखी चार करा."

पुढे कितीतरी आजारी मुलांना आम्ही त्याच सुयांनी सलाइन दिलं. गिरणी मात्र उघडली नाही. काका-काकी खोली सोडून गावी निघाले, तेव्हा परळच्या एसटी स्टँडवर मी धीर करून म्हटलं, "काका, नळावर ते मीच बोलले होते."

"माका तेव्हाच म्हायत होता."

"मग सुई माझ्याच हातात का दिलीत?"

"तुझो हात हलको हा," ते म्हणाले, आणि काकींना धरून गाडीत चढवायला वळले.