खिडकीचा सहावा हिस्सा

आमच्या शिलाईखोलीतले कटिंग मास्तर नऊ भावंडांत वाढलेले. घरी दूधसुद्धा पेल्याला दोरा बांधून वाटायचे, म्हणे. दोऱ्याच्या वर थेंब गेला की डोकी फुटायची. तेव्हापासून मास्तरांचा न्याय एकच: सगळ्यांना सारखं. मग कुणाला जोडा चावो, नाहीतर कुणाच्या पायातून निसटो.

खोलीला खिडकी एक आणि मास्तरांच्या हाताखाली आम्ही सहा जण. मास्तरांनी पाळ्या लावल्या, प्रत्येकाला एक आठवडा. काज करणाऱ्या मावशीची पाळी सगळ्यात शेवटी. तिचे डोळे अधू आणि जागा अंधाऱ्या कोपऱ्यात. तीन शर्टांचे काज वाकडे गेले तसा मालक म्हणाला, "आणखी एक बिघडला की घरी बसा."

मावशी एकुलती एक लेक. तिच्या हिशोबी ज्याला भूक त्याला घास, त्यात मोजायचं काय?

"मास्तर, खिडकी मला द्या. पोटावर पाय येतोय."

"तुला दिली तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"बरं. मग तुमच्या नाकावरचा चष्मासुद्धा सात जणांत एकच आहे. त्याचीही पाळी लावा. आज माझी."

कॉलर शिवणारा फिस्सकन हसला. दुसरा कुणी असता तर मावशीवर खेकसला असता. पण मास्तर पडले तत्त्वाचे. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि दिला. मावशीला त्यातून मेलं काही दिसेना, तरी दिवसभर तो घालून ठसक्यात बसली.

इकडे मास्तरांना कापडाची उलटी-सुलटी बाजू कळेना. कुणाला विचारायचं तर नाक खाली. चार वाजेपर्यंत बाह्या कापल्या एकवीस, आणि एकवीसही डाव्या.

मास्तरांनी ढिगातली एकेक बाही चाचपून पाहिली. मग उठले, मावशीकडून चष्मा घेतला आणि तिचं स्टूल स्वतः उचलून खिडकीशी नेऊन ठेवलं.

"अहो मास्तर, उद्यापासून माझा आठवडा!" कॉलरवाला उसळला.

"आधी डोळे घालवून ये. मग बघू."

मावशीचे काज सरळ यायला लागले. मास्तरांची खोड मात्र कुठं जाते? मालकापुढे त्यांनी बाह्यांचा दोष सात जणांत वाटला, प्रत्येकी तीन. इस्त्रीवाल्यालाही तीन आल्या. बिचारा त्या दिवशी रजेवर होता.