वाटेत वाडी न लागणारी मुंबई

माझ्या मामाचं लग्न एकदा आईपायी अडलं होतं. रझाकारांच्या धामधुमीत हैदराबादेतून बाहेर पडणं मुश्किल, आणि तिकडे मुंबईत मामा हटून बसलेला: एकुलती एक बहीण, करवली म्हणून मागे दिवा घेऊन ती उभी नसेल तर मी बोहल्यावर चढत नाही. पोलिस अ‍ॅक्शननंतर मुहूर्त पुन्हा ठरला, पण पत्र रमतगमत आलं. हाती पडलं तेव्हा लग्न दुसऱ्याच दिवशी, गोरज मुहूर्तावर, आणि मुंबईची गाडी सुटून गेलेली. बाबा धावत सुटले आणि सकाळच्या विमानाचं तिकीट घेऊनच परतले.

बाबा वकील असले तरी घरात कायदा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही. तिन्हीसांजेला तर मुळीच नाही, लक्ष्मी जाते. आणि तिच्या हिशेबात मुंबई म्हणजे गाडीची अख्खी रात्र, वर अर्धा दिवस, मध्ये वाडी स्टेशनवरचा चहा.

बेगमपेठला आईचं विमान उडालेलं पाहून आम्ही टांग्यातून सुलतान बाजारला परतलो. बाबा म्हणाले, "अक्का, तीन तासांत पोचेल ती. दुपारी केर काढ."

"वाडी तरी येऊ दे," आत्या म्हणाली. "उद्यापर्यंत झाडूला बिलकुल हात लावायचा नाही."

आम्हा भावंडांना आणखी काय हवं होतं? आईच्या तयारीत सांडलेल्या दोऱ्यांवर आणि फुलांच्या पाकळ्यांवर आम्ही मनसोक्त शेंगांची टरफलं टाकली. इतका सुखाचा दिवस त्या घरात मला दुसरा आठवत नाही.

दुपारी तार आली: सुखरूप पोचले. आत्याने ती बाबांकडून दोनदा वाचून घेतली.

"कुणीतरी जल्दी करून आधीच ठोकून दिली असेल," ती म्हणाली.

बाबांनी कपाळावर हात मारला. पण संध्याकाळी त्यांनी घड्याळ काढलं, अक्षता कालवल्या आणि आम्हाला टरफलांतच पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेला तोंड करून उभं केलं. मंगलाष्टकं त्यांनीच म्हटली, अगदी बेसूर. आत्या दाराशी तशीच उभी.

"टाकतेस का, अक्का? ती पोचली नसेल तर नको टाकूस."

आत्याने ओंजळ भरून घेतली. आमच्या सगळ्यांच्या मिळून झाल्या नसतील एवढ्या अक्षता तिने एकदम उधळल्या.

"उभी असेल गं ती भावाच्या मागं," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मग तिने पदर खोचला, देवापुढे दिवा लावायच्या त्या वेळेला कोपऱ्यातला झाडू उचलला आणि स्वतःच केर काढायला लागली.