इटलीहून आणलेली सोंड

हसणार नसाल तर सांगते. जाऊ दे, हसणारच तुम्ही. माझा नवरा तर अजून हसतोय. पण चहा गार व्हायच्या आत मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावलेलं तुमच्या कानावर यायला नको.

तर मी गेले होते इटलीला. फिरायला नाही हो, मोझेइक शिकायला! रंगीत काचेचे बारीक चौकोनी तुकडे चिकटवून चित्रं करतात ना, ते. डोंगरातलं एक जुनं शेतघर, आजूबाजूला ऑलिव्हची झाडं. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं आणि आठवडाभर तुकडे चिकटवत बसायचं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला हे कुठून सुचलं? सासूबाईंमुळे सुचलं!

त्याचं असं झालं, आम्ही इथे हॉलंडमध्ये, आइंडहोवनला घर घेतलं. वास्तुशांत ठरली. सासूबाई त्यासाठी पुण्याहून येणार होत्या. फोनवर त्यांची एकच मागणी.

"मीनल, दाराशी गणपती हवा. आणि डाव्या सोंडेचाच बघ हो. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक दैवत. त्याचं सोवळं, रोजची पूजा, नैवेद्य, एक दिवस चुकून चालत नाही. तुझ्याच्याने नाही व्हायचं ते."

खरंच होतं त्यांचं. सकाळी एका हातात टोस्ट आणि दुसऱ्या हातात सायकलचं हँडल धरून ऑफिस गाठणारी बाई मी. मी कुठलं सोवळं पाळतेय! पण 'तुझ्याच्याने नाही व्हायचं' हे वाक्य आजवर कुठल्या सुनेने गप्प बसून ऐकून घेतलंय?

मी म्हटलं, "आई, गणपती मी स्वतःच्या हाताने करणार. डाव्या सोंडेचा. तुम्ही बघाच."

गिरीश, म्हणजे माझा नवरा, डिशवॉशर लावत होता. तो ताट हातात घेऊनच वळला. "तू? अगं, तू काढलेली लक्ष्मीची पावलं बघून आपल्या लेकीने विचारलं होतं, ही डायनोसॉरची का म्हणून!"

झालं. त्याच रात्री मी पैसे भरले.

आणखी एक सांगायला हवं. मी पोटासाठी काय करते? सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधते. दिवसभर, पगार घेऊन. त्यामुळे चूक म्हणजे नेहमी दुसऱ्याची, हे माझ्या अंगवळणी पडलंय.

शेतघराची मालकीण आणि शिक्षिका म्हणजे मारायका. मूळची डच, लग्न करून इटलीत स्थायिक झालेली. शिकायला आलेले सगळेही हॉलंडचेच, आणि मी सोडून सगळे निवृत्त. पहिल्या दिवशी सकाळी मोठ्या टेबलाभोवती बसलो. मारायकाने माझ्याकडे बघून विचारलं, "मीनलसाठी इंग्रजीत सांगू का?"

मी तिला वाक्य संपवू दिलं नाही. "नको नको! डच! डचमध्येच सांग!"

अहो, नुकतीच मी डचची परीक्षा पास झाले होते! आणि इथल्या लोकांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. बेकरीत आपण घोटून पाठ केलेल्या डचमध्ये पाव मागावा, आणि बाईने इंग्रजीत विचारावं, पिशवी हवी का? जीव जळतो अगदी. म्हटलं, इथे तरी दाखवून देऊ. तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच, टाळ्या! मला अगदी सत्कार झाल्यासारखं वाटलं.

मग मारायका सुरू झाली. शब्द डच आणि वेग इटालियन. मी मान डोलवत राहिले. मला त्यातलं कळलं ते एवढंच: कागद, खळ, गुरुवार, कॉफी. मधलं विचारायचं? टाळ्या घेतल्यावर? छे! शिवाय मी निघण्याआधी भरपूर व्हिडिओ बघितले होते. टेस्टरला काय कळत नाही!

काम तर आवडलं मला. जाड खाकी कागदावर चित्र काढायचं आणि त्यावर कणकेच्या खळीने तुकडे चिकटवायचे. मी झकास गणपती काढला. शेंदरी पोट, पिवळा पीतांबर, आणि सोंड देवाच्या डाव्या हाताकडे. जेवताना सगळ्या मंडळींना मी डावी सोंड, उजवी सोंड यावर व्याख्यानही दिलं. शांतपणे ऐकलं बिचाऱ्यांनी.

एकदा मारायका माझ्या मागे येऊन उभी राहिली. "बिझोंडर!" म्हणाली. म्हणजे 'विशेष'! मी फुलले. मग तिने विचारलं, "दिशेचा नीट विचार केलायस ना?"

मी हसले. "मारायका, दिशेचं मला नको सांगूस. आमच्यात दिशेलाच तर महत्त्व!"

ती म्हणाली, "छान," आणि पुढे गेली.

माझ्या शेजारी बसायचे हेंक. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण पांढऱ्याशुभ्र केसांच्या माणसाला नुसतं हेंक कसं म्हणणार? मनात मी त्यांना हेंककाकाच म्हणायचे. त्यांनी तळ्याकाठी एक छोटं घर बांधलं होतं आणि त्याला बायकोचं नाव दिलं होतं, तिनेका. बायकोला न सांगता दारावर लावायची पाटी करायला आले होते. इतकं कौतुक वाटलं मला!

आणि मग मी ती पाटी नीट बघितली. सगळी अक्षरं उलटी! आरशात दिसतात तशी. शेवटचं अक्षर आधी, पहिलं शेवटी.

मी हळूच विचारलं, "हेंक, अक्षरं बरोबर आहेत ना?"

"हो तर! अगदी बरोबर," ते खुशीत म्हणाले. "पुन्हा पुन्हा तपासलीत मी!"

तपासलीत म्हणे! अहो, मला रडूच यायचं बाकी राहिलं. म्हटलं, वय झालंय, डोक्यात काहीतरी गडबड होतेय आणि या माणसाला पत्ताच नाही. बाकीचे येता-जाता बघतात, पण एकाच्या तोंडून शब्द नाही! म्हटलं, हेच ते यांचं 'दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही'. माणुसकी म्हणून नाही!

रात्री गिरीशला फोन केला. तो म्हणाला, "मीनल, तू त्यात पडू नकोस."

"अरे, उद्या त्यांच्या बायकोसमोर केवढी शोभा होईल!"

"होऊ दे. तू तुझी सोंड सांभाळ."

पण मी कसली ऐकतेय! गुरुवारी दुपारी सगळे जवळच्या गावातलं चर्च बघायला गेले. मी म्हटलं, मी थांबते, मारायकाला मदत करते. ती बाहेर सिमेंटचा माल कालवत होती. आत मी, हेंककाकांची पाटी आणि माझं परोपकारी मन.

कागदावर ओलं फडकं ठेवलं. खळ सुटली. एकेक तुकडा उचलला आणि सगळं नाव सुलट लावलं. चांगले दोन तास गेले. या नादात माझ्या गणपतीचा एक कान लावायचा राहून गेला, पण म्हटलं, देव समजून घेईल. पुण्याचं काम चाललंय!

मग मारायकाने मालाची बादली आत आणली. प्रत्येक चित्राभोवती लाकडी चौकट होती, त्यात माल ओतायचा होता. म्हटलं, हेंककाकांची पाटी तिच्या नजरेला पडायला नको, उगाच त्या माणसाची चर्चा व्हायची. म्हणून मी चटकन तीच पहिली भरून टाकली. मारायका खूश झाली. "वा, कामाची आहेस!"

माझ्या मनात आलं, चित्रावर इतका माल? व्हिडिओत तर वरून पातळ लेप देतात आणि पुसून घेतात. इथे दोन बोटं जाड थर! पण म्हटलं, इटलीतली पद्धत, सढळ हाताची असेल.

शनिवारी सकाळी सगळे अंगणात जमले. टेबलावर वाइन, चीज. मारायका म्हणाली, "चला, उलटी करू या!"

मी विचारलं, "काय उलटं करायचं?"

मारायका माझ्याजवळ आली. आणि पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत बोलली. एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. "मीनल, आपण चित्र कागदावर पालथं करतो. माल मागच्या बाजूने ओततो. आता फरशी पलटायची आणि कागद ओला करून सोलायचा. म्हणून सगळं आधी उलटं काढायचं असतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं. डचमध्ये. मी मान डोलावली होती!

माझ्या गणपतीवरचा कागद निघाला. शेंदरी पोट, पीतांबर, एक कान आणि सोंड... सोंड देवाच्या उजवीकडे! मी नकळत हात जोडले. कडक दैवत समोर, आणि मला धड आंघोळ करायलाही वेळ झालेला नव्हता. आणि हात जोडलेले असतानाच माझ्या डोक्यात वीज चमकली.

अगं बाई! हेंककाका!

पण त्यांनी तोवर कागद सोललाही होता. समोर बायकोचं नाव. उलटं. हेंककाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे मी केलं?" ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, "मुलगा म्हणतोच आहे, बाबा, डॉक्टरांना दाखवा. हल्ली चाव्या विसरतो मी. पण इतकं झालं असेल असं वाटलं नव्हतं."

खरं सांगते, त्या क्षणी धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण तो माणूस घरी जाऊन स्वतःच्याच डोक्याला घाबरून बसला असता हो! मी उभी राहिले. आणि परीक्षा पास झालेलं ते डच ऐन वेळी मला सोडून गेलं.

"मी केलं! तुम्ही चर्च, मी फडकं! तुम्ही उलटं, मी सुलट! तुम्ही चांगले, डोकं चांगलं! मी मदत!"

हेंककाका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?"

"हो! एकदम!"

"आणि तुझं?"

सगळं अंगण हसलं. हेंककाका तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हटलं, मी रात्रभर जागून नवीन करून देते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "नको नको! मदत नको!" उलटी पाटी तशीच घेऊन गेले. म्हणाले, तिनेकाला पाटीपेक्षा गोष्टच जास्त आवडेल.

त्यांचं निभावलं. माझं काय? मी ती पाट्याएवढी जड फरशी उचलून आइंडहोवनला आणली. गिरीशने गुंडाळलेला टॉवेल काढला आणि मला म्हणाला, "उजवी."

"दिसतंय मला!"

"समोर आरसा लावू या. आरशात डावी दिसेल."

"गिरीश, तू अजिबात बोलू नकोस!"

पण करणार काय? टाकून देता येत नाही, फोडता येत नाही. देव आहे तो! दुसरा करायला वेळ नाही. शेवटी ठरवलं, सासूबाईंना सरळ खरं सांगायचं. त्या म्हणतील तसं सोवळं पाळायचं. पहाटे उठायचं, पूजा, नैवेद्य, मग सायकल. केलंय ना कर्म, भोगा आता.

सासूबाई आल्या. हातपाय धुतले, चहा घेतला. "दाखव बघू काय केलंयस ते," म्हणाल्या. दाराशी फरशी ठेवली होती, वर माझी ओढणी. मी ओढणी बाजूला केली. गिरीश माझ्या मागे उभा, श्वास रोखून.

सासूबाईंनी चष्मा लावला. वाकून बघितलं. मग मागे सरकून बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडते का, याकडे माझं सगळं लक्ष.

"अगं, किती छान झालीये!" त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. "आई, ते जरा उजवीकडे..."

"तेच तर! कडी उजव्या हाताला घेतलीस ते बरं केलंस, धरायला सोपी. आणि तोटीही कशी डौलदार! रंगही अगदी तांब्याचा वाटतोय. स्वयंपाकघरात लाव हो ही किटली. चहाच्या डब्यांच्या वर शोभेल."

किटली!

त्या पुढे म्हणाल्या, "आणि गणपती नाही जमला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटलंच होतं. मी पुण्याहून छोटासा आणलाय बॅगेतून. डाव्या सोंडेचा."

मी गिरीशकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. आता माझ्यापुढे दोनच रस्ते. खरं सांगून जन्मभर पहाटे उठायचं, नाहीतर माझी कला गिळून गप्प बसायचं. मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि म्हटलं, "हो आई. किटलीच आहे ती."

वास्तुशांतीला आइंडहोवनची सगळी मराठी मंडळी आली होती. एकूणएक जण स्वयंपाकघरात जाऊन किटलीचं कौतुक करून गेला. मी दारात उभी राहून वाट बघत होते, कुणीतरी चुकून तरी विचारेल, "अगं, हा गणपती तर नव्हे?" अहो, एकानेही विचारलं नाही हो!