बुद्धभूषणची अर्धी रील

आमच्या अमेरिकेतल्या बेलव्ह्यूतला बुद्धभूषण म्हणजे बोलण्यात महाकंजूस. "कसा आहेस?" "बरा." "जेवलास?" "हो." नागपूरचा माणूस इतकं कमी बोलतो, यावर माझा अजून विश्वास नाही. चाळिशी उलटली, लग्न नाही. घरात खुर्ची एक आणि गिटारी तीन!

"पाहुणा आला तर गिटारीवर बसवतोस का रे?"

"पाहुणे कुठे येतात, मावशी?"

आठवडाभर ऑफिसात कोडिंग आणि रविवारी दुपारी आयरिश पब. तिथे गोरे म्हातारे फिडल वाजवतात, त्यांच्यात हा एकटाच आपला. त्यांच्या जुन्या चालींना खालून रॉकचा ठेका देतो, मध्येच गावाकडचं काहीतरी मिसळतो. ते खूश. वाजवून झालं की ते आपापल्या घरी, हा आपल्या.

यंदा भीमजयंतीच्या कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. पहिल्यांदाच याचा आपणहून फोन.

"मावशी, एक रील करायचीय. विदर्भातल्या आज्याही येतील ना?"

"येतील की! कर बाबा."

आणि मी लिहिलं: बुद्धभूषण, रील, तीस सेकंद. आयरिश लोकांत रील म्हणजे नाचाची चाल, हे मला मेलीला काय ठाऊक? मला वाटलं, फोनवरची!

स्टेजवर त्याने सुरुवात केली आणि गिटारीतून आयरिश ठेक्यावर चक्क जात्यावरची ओवी आली. मुलाकडे आलेल्या वर्ध्याच्या गिरजाबाई आजी मान डोलवायला लागल्या. तेवढ्यात तीस सेकंद संपले आणि सूत्रसंचालन करणारी आमची सुवर्णा माइकवर, "थँक यू, बुद्धभूषण! आता किड्सचा डान्स!" हा मुकाट उठला.

पार्किंगमध्ये गाठलं त्याला.

"चिडलास ना? शिव्या तरी दे रे!"

"नाही हो."

"जात्यावरचं होतं ना ते?"

त्याने झर्रकन वर पाहिलं. "आई म्हणायची. मला पहिलाच भाग आठवतो. ती गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत जाता आलं नाही. वाटलं, तेच फिरून फिरून वाजवलं तर इथे कुणीतरी पुढचं म्हणेल... तुम्हाला येतं?"

"मी कोल्हापूरची रे. आमची चाल वेगळी. चल, गिरजाबाईंना विचारू."

"नको, मावशी. त्यांनाही येत नसेल तर? मग संपलंच."

त्याने गिटार शेजारच्या सीटवर ठेवली, तिला बेल्ट लावला आणि गाडी काढली.